पायी वाचायचे पुस्तक

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, न. र. फाटक यांच्या संपादनाखाली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ते पुन्हा छापले. तेव्हापासून मुंबईच्या इतिहासाविषयी लिहिणारा प्रत्येक जण या पुस्तकाचे ऋण घेत आला आहे. २००८ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. परंतु हे ऋण सामान्यतः माहितीचे आहे. कोणता तलाव कोणी बांधला, कोणता बाजार कोठे भरे, अमुक देऊळ तमुक जागी कसे आले, असा काही प्रश्न पडला की माडगांवकरांना उघडायचे आणि काम झाले की मिटायचे. हे गद्य म्हणून कसे आहे, लेखकाचे मन त्यात कोणत्या रीतीने वावरते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अंगाने फार थोड्यांना पडला. वर्णन हा आपण हलका प्रकार मानतो. कथाकादंबरीत पात्रे यायच्या आधी रंगवलेला पडदा, एवढीच त्याची प्रतिष्ठा.

खुर्चीत बसून वाचले तर हे पुस्तक कंटाळवाणे आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. तलावांमागून तलाव, देवळांमागून देवळे, मग बाजार, टांकसाळ, गिरण्या, शाळा, जातिजमाती, त्यांचे पोशाख, त्यांचे सण. कथानक नाही, चढउतार नाही. पण तेच पुस्तक पिशवीत घालून सकाळी घराबाहेर पडावे, सोबत जाणकार घेऊ नये, फक्त पाय चांगले असावेत, आणि जेथे त्याने सांगितले तेथे जाऊन उभे राहावे. मग या गद्याची लय कळू लागते. त्याची वाक्ये ज्या गतीने एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे सरकतात ती चालत्या माणसाची गती आहे. तो एका जागी रेंगाळत नाही, कारण पुढे आणखी पाहायचे आहे. आणि धावतही नाही, कारण मोजायचे आहे.

ही गती नंतरच्या मराठी साहित्यात मुंबईच्या वाट्याला क्वचितच आली, असे मला वाटते. मुंबईवर आपण कमी लिहिलेले नाही, उत्तमही लिहिले आहे. पण आपला लेखक बहुधा एका जागी थांबून मुंबई पाहतो. मर्ढेकरांची मुंबई यंत्राची, आगगाडीची आणि गर्दीची. तिथे माणूस वाहून नेला जातो. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) गॅलरीत उभी राहून बोलते. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’तील (१९६५) पोरे नावाप्रमाणे नाक्यावर आहेत, रस्ता त्यांच्यासमोरून जातो, ती रस्त्याने कोठे जात नाहीत, आणि त्यांच्या आयुष्याची सारी कोंडी त्या न जाण्यात आहे. अरुण कोलटकरांनी काळा घोडा परिसरावर इंग्रजीत जो कवितासंग्रह लिहिला (२००४) तो तर उपाहारगृहातल्या मेजावरून पाहिलेल्या चौकाचा आहे. बसण्याची तपश्चर्या किती फळ देते याचे त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ज्या पुतळ्यावरून त्या चौकाला नाव पडले तो सातव्या एडवर्डचा काळा घोडा १९६५ मध्ये तेथून हलला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, तरी चौकाचे नाव हलले नाही; २०१७ साली तेथे स्वाराविना नवा घोडा उभा करण्यात आला, म्हणजे नावाने स्वतःसाठी वस्तू परत मागवून घेतली. असो. नारायण सुर्वे मात्र चालतात. पण कामगाराचे चालणे हे चालावे लागणे आहे. त्याच्या वाटेला फाटा नसतो. भोंग्याच्या दिशेने जाणाऱ्याला वाटेतल्या प्याऊवर कोणाचे नाव कोरले आहे हे पाहायची सवड कोठून मिळणार?

तेव्हा माडगांवकरांपाशी परत येऊ. हा गृहस्थ गोव्याकडचा, मुंबईत लहानपणी आला, येथे शिकला, मास्तर झाला. ‘शुचिर्भूतपणा’, ‘ऋणनिषेधक बोध’ ही त्याच्या इतर पुस्तकांची नावेच तो कोण होता हे सांगतात, आणि ‘उद्भिज्जन्य पदार्थ’ हे वनस्पतींविषयीचे पुस्तक त्याच मालिकेत आहे हे विसरता कामा नये. स्वच्छतेवर, कर्जावर आणि झाडांवर लिहिणारा माणूस शहरात हिंडू लागला की त्याला गटार दिसते, दुकानाची पाटी दिसते आणि माड दिसतो. ही त्रयी मुंबई पाहायला पुरेशी आहे. त्याचा काळही विलक्षण होता. विहारचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता आणि पैसा रस्त्यावर सांडत होता. १८६२ मध्ये फ्रिअरसाहेब गव्हर्नर होऊन आले, आणि त्यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडून टाकण्यात आले. म्हणजे पुस्तक छापून होत होते त्याच सुमारास ज्याचे वर्णन करायचे ती वस्तू नाहीशी होऊ लागली होती. अशा वेळी आजचा लेखक हळवा झाला असता. माडगांवकर होत नाहीत. हे त्यांचे माझ्या मते सर्वांत मोठे वाङ्मयीन वैशिष्ट्य आहे, आणि ते घरात बसून कळत नाही.

ते कळावे म्हणून एक वाट सांगतो. फोर्टातल्या भव्य इमारतींची वाट नव्हे. तिला सांगणारे पुष्कळ आहेत. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारापासून निघावे. १७६९ मध्ये कोटाच्या उत्तरेस जो जॉर्ज किल्ला बांधला त्याच्या तटाचा एक तुकडा तेथे अजून उभा आहे. जाणारायेणारा त्याला जुनी भिंत समजतो, आणि तशी ती आहेच. माडगांवकरांच्या वाचकाला कोट ही रोज ओलांडायची वस्तू होती. त्याला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे होते. आज चर्चगेटाहून गाडी पकडणाऱ्या लक्षावधींना तेथे कधी दरवाजा होता हे आठवण्याचे कारण नाही. या तटापाशी उभे राहून पुस्तक उघडले की लेखक कोटाच्या आत आणि कोटाबाहेर हे दोन शब्द किती सहजपणे वापरतो ते लक्षात येते. एका भिंतीने एका शहराची दोन शहरे केली होती, आणि तो दोन्हींत सारख्याच पायांनी फिरतो.

तेथून बोरीबंदर ओलांडून पश्चिमेकडे धोबीतलाव. तलाव नाही. फ्रामजी कावसजींनी १८३९ मध्ये ज्याची दुरुस्ती केली त्या तलावाची निशाणी म्हणून त्यांच्या नावाची संस्था तेवढी चौकात आहे. येथून पुढे हा अनुभव वारंवार येतो. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेलांचा तलाव. तेथे वाहने गोल फिरतात. गोवालिया तलावाचे मैदान झाले आणि १९४२ च्या ऑगस्टमुळे त्याला दुसरे, मोठे नाव मिळाले. मुंबादेवीचा तलाव विसाव्या शतकाच्या आरंभी बुजला. नळाचे पाणी आल्यावर तलावांची गरज सरली होती. हिवतापाची आणि डासांची चौकशी झाली, १९११ साली डॉ. बेंटली यांचा अहवाल आला, आणि विहिरी-तलाव झाकण्याच्या मोहिमेला शास्त्राचा आधार मिळाला. त्यात वावगे काही नव्हते, माणसे मरत होती. माडगांवकरांच्या पुस्तकात हे सारे तलाव पाण्याने भरलेले आहेत, आणि तरी त्यांच्या वर्णनात काव्य नाही. कोणी खर्च केला, पाणी कसे आहे, लोक काय उपयोग करतात, एवढे पाहून तो पुढे जातो. शुचिर्भूतपणावर लिहिणाऱ्या माणसाला तलावात चंद्र दिसण्याआधी शेवाळ दिसते. मला हे गद्य आवडते. ज्याला गमावण्याची कल्पना नाही त्याने केलेले वर्णन, गमावल्यावर वाचताना, कोणत्याही विलापिकेपेक्षा अधिक बोलते. आणि ते बोलणे लेखकाने घातलेले नाही, वाचकाच्या पायांनी आणलेले आहे.

धोबीतलावावरून गिरगाव रस्त्याने चिराबाजार, ठाकूरद्वार. येथे डावीउजवीकडे वळत राहावे. फणसवाडी, आंबेवाडी, जांभूळवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, गायवाडी, झावबावाडी. ही नावे ओळीने वाचली तरी एक बाग डोळ्यांपुढे येते, आणि शेवटच्या नावाशी आल्यावर बागेचा मालक. फणसवाडीत आता फणस नाही. दाक्षिणात्य धाटणीच्या गोपुराचे बालाजीचे देऊळ आहे, आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ते दिसणार नाही. कांदेवाडीजवळच्या केशवजी नाईकांच्या चाळी बाहेरून इतर चाळींसारख्याच. तेथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, पुढे पडवी असलेली ईस्ट इंडियन लोकांची घरे आहेत, आणि त्यांतली पुष्कळ गेली आहेत. या वाड्यांतून हिंडताना रस्त्याचे दोन गुण जाणवतात. एक, गल्ली कोठे संपेल हे पाटी सांगत नाही. दोन, बाहेरच्याला हटकण्याचा हक्क प्रत्येक ओट्याला आहे. “कोण पाहिजे?” हा प्रश्न चार-पाच वेळा ऐकावा लागतो, आणि “कोणी नाही, पाहतोय” हे उत्तर कोणालाही पटत नाही. विचारपूस करणारा आणि विचारला जाणारा यांच्यातल्या या व्यवहारावर माडगांवकरांचे सारे पुस्तक उभे आहे. वृद्धांकडून ऐकलेले, डोळ्यांनी पाहिलेले आणि कागदातून काढलेले असे तीन धागे तो एकाच विणीत घालतो, आणि कोणता धागा कोठला हे जाणत्या वाचकाला वेगळे काढता येते. १८८९ साली आलेला आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ हा याच घराण्यातला ग्रंथ आहे, पण त्याचा कल इतिहासाकडे. त्यात हटकले जाण्याची भीती उरलेली नाही.

सी. पी. टँकवरून भुलेश्वरात शिरले की चालणे संपते आणि ढकलले जाणे सुरू होते. तरी पांजरापोळ चुकवू नये. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून पारशी लोकांनी दंगा केला होता. त्या क्षोभातून १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने ही संस्था निघाली. दागिन्यांच्या आणि कापडाच्या बाजाराच्या पोटात आजही गाई बांधलेल्या आहेत आणि शेणाचा वास येतो. मुंबादेवी बोरीबंदराकडच्या जागेवरून अठराव्या शतकात इकडे आली. जिच्या नावाने शहर ओळखले जाते तीच विस्थापित, ही गोष्ट आपल्या कवींच्या नजरेतून सुटली याचे मला आश्चर्य वाटते. पुढे पायधुणी. भरतीचे पाणी जेथवर शिरे आणि जेथे येणारा पाय धुऊन आत येई ती ही जागा, असे नावच सांगते. समुद्र आता येथून कोठेही दिसत नाही. त्याच्या पूर्वेस भातबाजार, आणि धान्याच्या पोत्यांच्या मधोमध १८७६ मधली केशवजी नाईकांची प्याऊ, घुमटीसह. गिरगावात चाळींवर वाचलेले नाव येथे पाण्यावर वाचायला मिळते. अशा प्याऊ शहरात कितीतरी आहेत; बहुतेक कोरड्या पडल्या होत्या, अलीकडे काहींना पुन्हा पाणी आले. सेंट थॉमस चर्चपासून मोजून रोवलेले मैलाचे दगडही असेच फूटपाथ वाढत गेले तसे गळ्यापर्यंत गाडले गेले होते, आणि त्यांतले काही आता उकरून उभे केले आहेत.

या उकरून उभे करण्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हल्ली अशा वाटांवर रविवारी सकाळी जाणकारांमागून चालणारे गट दिसतात. त्यांनी पुष्कळ वाचवले आहे. परंतु त्या चालण्यातून जे लिहिले जाते ते वाचताना मनात शंका उभी राहते. त्यात प्रत्येक जिना सुंदर, प्रत्येक वाडी शांत, प्रत्येक वृद्ध गोड बोलणारा. ज्या गल्लीत सामाईक संडासापुढे सकाळी रांग लागते, जेथे पागडीच्या खोलीत तीन पिढ्या एकमेकींचे श्वास ऐकत निजतात, तिला ‘जपलेला ठेवा’ म्हटल्याने तेथल्या माणसाचे काय होते? दुसऱ्या बाजूला बिल्डरची पत्रके आहेत. त्यांतही वाडीचे वर्णन असतेच, फक्त ते भविष्यकाळात असते. गिरगाव-काळबादेवीखालून भुयारी मेट्रो गेली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ती पुरती सुरू झाली. तिच्यासाठी काही इमारती गेल्या, भेंडीबाजारात मोहल्लेच्या मोहल्ले उतरवून मनोरे चढत आहेत. राहणाऱ्याला चांगले घर मिळत असेल तर तक्रार कोणी का करावी? तक्रार गद्याची आहे. एका हाताला हळहळ आणि एका हाताला जाहिरात असताना, मधल्या जागेत, आज येथे किती माणसे कशी राहतात, काय विकतात, पाणी किती वेळ येते, असे लिहिणारा कोणी माडगांवकर नाही. तट पडत असताना त्याने तटाविषयी जे केले ते चाळ पडत असताना चाळीविषयी कोणी करीत नाही. चाळीवर आपल्याकडे विनोद झाला, कणव झाली. तिची मोजदाद राहिली.

हे सारे म्हणताना माडगांवकरांच्या उणिवांकडे डोळेझाक करता येणार नाही. इंग्रजी राज्याविषयीची त्यांची कृतज्ञता पानोपानी इतकी सांडते की आजच्या वाचकाला मधूनमधून पुस्तक खाली ठेवावेसे वाटते. मास्तरकी सुटत नाही. दारूचे दुकान दिसले की प्रवचन आलेच. आणि जाती-जमाती ते ज्या रीतीने सांगतात तीत झाडांची यादी करणाऱ्याची सवय दिसते. पाने कशी, फळ कोणते, उपयोग काय. झाडाला काय वाटते हा प्रश्न उद्भिज्जशास्त्रात येत नाही.

तो प्रश्न यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि येथे एकट्याने, कोणाच्या मदतीवाचून, शहर पायी पाहण्याच्या या साऱ्या हौसेपुढेच एक अडथळा उभा राहतो. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि ती लिहिण्याआधी तेंडुलकर ढसाळांच्या सोबतीने तो भाग हिंडून आले होते. मुंबईत वाढलेला, पत्रकारितेत मुरलेला, माणसांच्या क्रौर्याविषयी कोणाहून कमी न जाणणारा लेखक. त्याच्या आणि गोलपिठ्याच्या मधले अंतर चालून जाण्याइतकेच होते. गिरगावातून निघालेला माणूस तेथे घटकाभरात पोचेल. तरी वाटाड्या लागला. पायांना रस्ता मोकळा असला तरी नजरेला नसतो, आणि ज्याला कोठेही हटकले जाणार नाही अशी खात्री आहे त्याचेच फिरणे ‘स्वैर’ असते. मी वर ज्या वाटेने वाचकाला नेले तीत ‘कोण पाहिजे?’ हा प्रश्न गमतीचा वाटला असेल. तो प्रश्न ज्याला आयुष्यभर धमकीच्या सुरात ऐकावा लागला त्याने मुंबईचे वर्णन लिहिले तर त्याची लय वेगळी होते, शब्द वेगळे होतात. ते पांढरपेशा वाचकाला समजावून द्यावे लागतात. माडगांवकरांच्या पुस्तकाला ‘गोलपिठा’ हे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या गल्ल्यांशी माडगांवकरांचे वाक्य नैतिक होऊन लांबूनच वळते तेथून ढसाळांची कविता सुरू होते, हे दोन्ही पुस्तके एका दिवशी, त्याच भागात वाचली तर स्पष्ट दिसते.

वाट अजून थोडी उरली आहे. डोंगरी, उमरखाडी करीत उत्तरेस माझगावला यावे. डॉकयार्ड रोड स्टेशनाशेजारी भंडारवाड्याची टेकडी आहे. वर पाण्याचा साठा आणि त्यावर बाग. जुना माझगावचा किल्ला येथेच होता. आता कठड्याशी उभे राहिले की खाली गोदीतल्या याऱ्या दिसतात आणि लोकलचे टप मुंगळ्यांसारखे सरकतात. बागेला जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव आहे. टिळकांचे ते सहकारी, ‘काका’ म्हणून ओळखले जात, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. त्यांचे गाव पायथ्याजवळच, माथारपाखाडी. ज्या अर्थाने वेसाव्याला गाव म्हणतात त्याच अर्थाने गाव. अरुंद वाट, मध्ये क्रूस, दोहों बाजूंना जुनी घरे.

मराठी वाचक येथे येतो तेव्हा आपण परक्यांच्या वस्तीत आलो असे समजून आवाज खाली आणतो. कादंबऱ्यांनी त्याला हेच शिकवले आहे. ख्रिस्ती वाडी म्हणजे तोडकेमोडके हिंदी आणि झगा. आणि मग खिडकीतून एक म्हातारी दुसरीला हाक मारते ती मराठीत. ईस्ट इंडियनांची घरगुती बोली मराठीच आहे, आगरी-कोळ्यांच्या बोलीला जवळची, पोर्तुगीज शब्द पोटात घेतलेली. मुंबईत मराठी किती उरली याची चर्चा आपण सभागृहांत करतो. ही मराठी त्या हिशेबात धरलेली नसते. तिच्यात काय काय शब्द आहेत, भाकरीला, होडीला, जिन्याला, पावसाला ती काय म्हणते, हे लिहून घ्यायला एखाद्या जिज्ञासू माणसाला चार-पाच रविवार पुरतील. ओट्यावर बसायला सांगतात. चहाही मिळतो.